ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: अंतर किती, विमानाला वेळ किती?

रानवारा:
मे महिन्यात आम्ही दोघं नॉर्वेला. ट्रॉम्सोहून स्वालबार्डचं (नॉर्वेची उत्तर ध्रुवाकडची बेटं) लाँगइयरब्येन नक्की किती किलोमीटर? नकाशात मुंबई-दिल्लीच्या तिप्पट दिसतंय. बजेट दोघांचं येऊन-जाऊन ४० हजार, वर एक रुपया नाही. ऑस्लो-ट्रॉम्सो तिकीट वेगळं काढलंय, मध्ये सव्वा तास मिळतो. पुरेल?

अक्षांश_रेखांश:
मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच आहे. ट्रॉम्सो ६९.७ उत्तर, लाँगइयरब्येन ७८.२. साडेआठ अंश गुणिले १११, तिरकेपणा धरून साधारण ९६० किमी. मर्केटर नकाशा (जगाचा नेहमीचा आयताकृती) ७४ अंशांजवळ साडेतीन पटींहून जास्त ताणतो, म्हणून डोळे फसतात.

घारूअण्णा:
वेळापत्रकात १ तास ३५-४० मिनिटं. ९६० भागिले ८०० करून सव्वा तास काढू नका, चढण-उतरण आणि जमिनीवरचं रांगणं त्यात येत नाही.

मस्तमौला:
विमान कशाला? दहा दिवसांची क्रूझ घ्या. आम्ही तीच घेतली, पैसा वसूल.

रानवारा:
४० हजारांत?

पोटोबा:
सव्वा तास विसरा. स्वालबार्ड शेंगेनबाहेर (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश), त्यामुळे ट्रॉम्सोला पासपोर्ट तपासणी. तिकिटं वेगळी म्हणजे बॅग पट्ट्यावरून उचला, पुन्हा जमा करा, सुरक्षा, मग पासपोर्टची रांग. पहिलं विमान लटकलं तर दुसरी कंपनी बांधील नाही. तीन तास तरी ठेवा, नाहीतर ट्रॉम्सोला मुक्काम.

सह्यकडा:
स्वालबार्डला व्हिसाच लागत नाही. १९२० चा करार आहे, ब्रिटिश काळात भारताच्या नावानेही सही झालीय.

पोटोबा:
अर्धवट सांगू नका हो, लोक अडकतील. बेटावर लागत नाही, पण वाट नॉर्वेतूनच. ट्रॉम्सोहून निघालात की शेंगेनमधून बाहेर, परतलात की दुसरा प्रवेश. सिंगल एन्ट्रीवर तिथेच लटकाल. डबल किंवा मल्टिपलच हवा.

मस्तमौला:
भारताचं हिमाद्री संशोधन स्टेशन तिथेच ना? बघून या.

अक्षांश_रेखांश:
तिथे नाही, न्यू-ओलेसुंडला. आणखी ११० किमी वायव्येला. छोटं डॉर्नियर विमान जातं, पण ते तिथे काम करणाऱ्यांसाठी. पर्यटक उन्हाळ्यात बोटीने जातात.

घारूअण्णा:
जाताना उजवी खिडकी घ्या. साधारण अर्ध्या वाटेवर ब्यॉर्नोया बेट त्या बाजूला येतं.

सह्यकडा:
ढगच दिसतात. डावीकडे बसा नाहीतर पंखावर, फरक शून्य.

मीठभाकर:
कामाचं बोला. तिकडे धुकं धरलं तर विमान उतरत नाही आणि जेटला जवळ दुसरी धावपट्टी नाही, ते मागे मुख्य भूमीवर येतं. परतायचं त्याच दिवशी भारताचं विमान धरू नका, एक दिवस मोकळा ठेवा. आणि पोटोबांनी सांगितलंय तेच, ट्रॉम्सोला मुक्काम करा.

घारूअण्णा:
+१, मुक्काम.

रानवारा:
सगळ्यांचे आभार. व्हिसा मल्टिपल आहे. मुक्काम नको, हॉटेलात बजेट जातं. ट्रॉम्सोच गाळतोय. ऑस्लोहून थेट, साधारण २,००० किमी, तीन तास. ऑस्लो-ट्रॉम्सोचं जायचं तिकीट पाण्यात, येताना ट्रॉम्सोमार्गे येऊ, ते वापरता येईल.

पोटोबा:
येणं-जाणं एकाच बुकिंगवर आहे का? जायचा भाग न वापरता सोडला की परतीचा बहुतेक वेळा आपोआप रद्द होतो. आधी नियम वाचा.

रानवारा:
एकाच बुकिंगवर आहे.