रडू दे, होईल सवय?

क्रेटचं (कुत्र्याला ठेवायच्या पिंजऱ्याचं) दार लावलं की तुमचं पिल्लू रडतं, गज चावतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर कुणीतरी दिलेला ‘रडू दे, होईल सवय’ हा सल्ला मला अजिबात पटला नाही. आमच्या मोत्याने असंच रडून ट्रेमध्ये लाळेचं तळं केलं होतं. खालच्या काकू तक्रार घेऊन आल्या त्या वेगळ्याच!

मग आम्ही दारच काढून ठेवलं. जेवण आत, माझा न धुतलेला टी-शर्टही आत. आपणहून आत झोपायला लागला तेव्हा दार परत बसवलं. आधी पाच सेकंद लावायचं, मग अर्धा मिनिट, आणि तो कुरकुरायच्या आत उघडायचं. महिना गेला यात.

मुंबईच्या उकाड्यात क्रेटवर जाड चादर नको, पंख्याखाली ठेवा. एकदा त्याला क्रेटबाहेर खोलीत मोकळं सोडा आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जिन्यात जाऊन बसा. मोकळ्या खोलीतही रडला तर दोष क्रेटचा नाही, एकटेपणाची भीती आहे. नखं रक्ताळली असतील तर मात्र क्रेट वापरणंच बंद आणि थेट जनावरांचे डॉक्टर. जवळ असे डॉक्टर नसतील तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल, आहेच.