मदत हवी आहे: नाताळच्या आदल्या रात्रीचा बाकाल्याउ

अमेरिकेतल्या न्यूअर्क शहराच्या आयर्नबाउंड वस्तीत आमच्या शेजारी पोर्तुगालच्या मिन्यो भागातल्या आजी राहतात. 24 डिसेंबरच्या रात्री त्यांच्या घरी बाकाल्याउ, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा, बटाटे आणि कोबीबरोबर उकडून वर भरपूर ऑलिव्ह तेल घालून खातात. काल्दु व्हेर्द सूपसाठी लागणारी पालेभाजीसुद्धा त्या परसात स्वतः लावतात! यंदा त्यांचे गुडघे फार दुखतात, म्हणून रांधायचं मी अंगावर घेतलंय.

पाणी बदलत दोन दिवस भिजवायचं, हे माहीत आहे. पण जाड तुकड्याचा खारटपणा आतपर्यंत उतरला हे कसं ओळखायचं? आजी म्हणतात, हाताला कळतं. माझ्या हाताला आपले सुके बोंबील कळतात, हा नाही. भिजवताना फ्रिजमध्येच ठेवायचा ना? आणि इथल्या फेरी स्ट्रीटवर जाड तुकडा कुठे चांगला मिळतो? कुणी केला असेल तर कृपया सविस्तर लिहा.