मॅग्नेपॅन एलआरएसला ४० हजारांत कुठला अँप?

टिळकवाडीकर:
पुण्यातल्या ओळखीच्या एका गृहस्थांकडून मॅग्नेपॅन एलआरएस स्पीकरची वापरलेली जोडी घेतलीय. खोली बारा बाय चौदा, जुनं घर, वर मंगळुरी कौलं. सध्या घरातल्याच एव्ही रिसीव्हरवर लावलेत. विलंबित ख्याल चालू असेपर्यंत ठीक. द्रुतमध्ये तबला चढला आणि आवाज जरा वाढवला की रिसीव्हर ‘टक्’ करून बंद, थोडा वेळ थांबलं की परत चालू. ऐकणं म्हणजे कुमारजी, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, थोडं नाट्यसंगीत. डॅकला (डिजिटल गाणं अँपला देण्याजोगं करणारा डबा) रिमोटवर आवाज कमीजास्त होतो, आउटपुट २ व्होल्ट. कोल्हापुरात एकाकडे ४० वॅटचा व्हॉल्व्ह अँप आहे, भावही बसतोय. घेऊ काय? की तेवढ्यात दुसरं काही मिळतंय? सांगा की.

शहापूरकर:
घ्या घ्या. व्हॉल्व्हवर गायकी ऐकलीत की परत मागं वळायचं नाही. तानपुरा असा भरून येतो की बास.

निपाणीकर:
शहापूरकर, तानपुऱ्याचं तुमचं खरं आहे, पण या जोडीला ४० वॅट पुरायचे नाहीत. एलआरएसची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला एक मीटरवर येणारा आवाज, ८६ डेसिबल लिहितात, ती २.८३ व्होल्टला. स्पीकर ४ ओमचा (ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो कमी तितका करंट जास्त लागतो), म्हणजे तिथंच २ वॅट खर्च झाले. पुढं दर १० डेसिबलला दहापट वॅट लागतात: ९६ ला २०, १०६ ला २००. तबल्याची थाप सरासरी आवाजाच्या कितीतरी वर उसळते आणि तुम्ही बसणार आठ-दहा फुटांवर. म्हणून ४ ओमला चॅनलमागं १५० ते २०० वॅट खरे देणारा अँप बघा. त्याहून कमीवर स्पीकर वाजतील, पण गाणं दबून येईल, आणि इतक्या चांगल्या जोडीचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रिसीव्हर बंद पडतोय तो ४ ओमला लागणारा करंट झेपत नाही म्हणून. त्याच्यामागं ओमचं बटण असेल तर त्याच्या नादी लागू नका. बहुतेक रिसीव्हरमध्ये ते आतला व्होल्टेज उतरवतं, ताकद वाढवत नाही.

‘प्लॅनर चालवायला फार अवघड’ असं या सपाट पडद्याच्या स्पीकरांबद्दल जिथं तिथं वाचाल. ते इलेक्ट्रोस्टॅटिकबद्दल, म्हणजे पडदा चुंबकाऐवजी विद्युतभारानं हलवणाऱ्या स्पीकरांबद्दल, खरं आहे, त्यांचा ओम वरच्या सुरांत खाली घसरतो. मॅग्नेपॅन मॅग्नेटिक आहे: मायलरच्या पातळ पडद्यावर धातूची पट्टी चिकटवलेली, समोर चुंबकं. तिचा लोड जवळजवळ साध्या रेझिस्टरसारखा. अँपला त्यात कसली गुंतागुंत नाही, फक्त वॅट भरपूर हवेत. त्यामुळं क्लास डी, म्हणजे भराभर चालू-बंद होत कमी वीज वाया घालवणारा अँप, इथं चांगला बसतो, आणि कमी पैशात जास्त वॅट मिळायची वाटही तीच.

वापरलेला क्राऊन एक्सएलएस १००२ मिळाला तर मी आधी तो बघेन. ८ ओमला २१५ वॅट, ४ ओमला ३५०. तुमच्या डॅकचे २ व्होल्ट त्याला पुरतात. पंखा आहे, रात्री एकदम हळू आवाजात ऐकताना तो जाणवतो का ते स्वतः बसून बघा. हायपेक्स एनसी२५२एमपी हे क्लास डी मॉड्यूल घातलेला एखादा अँप बजेटात आला तर आणखी उत्तम: ४ ओमला २५० वॅट, पंखा नाही, आणि स्पीकर बदलला तरी वरचे सूर हलत नाहीत. टीपीए३२५५ चिपवाले छोटे डबे स्वस्त आहेत, पण त्यांचा अडॅप्टर बघून घ्या. ३२ व्होल्ट ५ अँपिअरचा असला तर दोन्ही चॅनल मिळून १६० वॅटच, डब्यावर काहीही छापलेलं असो. ४८ व्होल्ट १० अँपिअरचा घेतलात तर गोष्ट वेगळी.

आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान तीन फूट पुढं ओढा. हे पुढं वाजतात तेवढेच मागंही वाजतात. भिंतीला टेकवलेत तर कुमारजींची मध्यलय नुसती गिजबिज होईल, आणि ते तर आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, त्यांना नीट ऐकायला हवं.

टिळकवाडीकर:
भिंतीपासून जेमतेम एक फूट आहेत, आजच ओढतो. आमच्या गल्लीतला मंडप-साऊंडवाला गणपतीत वापरतो तो अँप स्वस्तात द्यायला तयार आहे. चालेल काय?

निपाणीकर:
मागं १०० व्होल्ट लाइनचे टर्मिनल असतील आणि स्पीकरचं आउटपुट एकच असेल तर तो भोंग्यांचा मोनो अँप, घेऊ नका. दोन वेगळे चॅनल आणि ४ ओमचे वॅट स्पष्ट लिहिलेले असतील तर घरी आणून एक संध्याकाळ ऐका, मगच पैसे द्या.

खानापूरकर:
पैसे घालण्याआधी स्पीकर तपासा. जुन्या मॅग्नेपॅनचा गोंद सुटून आतली तार पडद्यापासून वेगळी होते, मग ठरावीक सुरांवर झर्र असा आवाज येतो. मोबाइलवरून ५० ते ३०० हर्ट्झ टोन हळूहळू चढवत न्या, एकेक स्पीकर वेगळा. तुमची जोडी फार जुनी नसणार, एलआरएस आलाच २०१९ मध्ये, तरी बघा. आणि खिडकीतलं ऊन थेट पडू देऊ नका.

टिळकवाडीकर:
टोन लावून बघितला, दोन्ही स्वच्छ. कोल्हापूरच्या माणसाला नको म्हणून कळवलं. रविवारी हुबळीला एक क्राऊन ऐकायला जातोय, डॅक सोबत घेतो.