पैजेचा बोकड कोणी द्याचा? (विगन ॲथलेटिक, हंगाम २०१२-१३)

पऱ्हाटीवाला :
नमस्कार मंडळी. वणी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून रायलो. जुन्या पैजेचा निकाल पाहिजे, कारण माह्या दोस्तापाशी अन् माह्यापाशी आता बोलाले दुसरा विषयच उरला नाही.

२०१२ च्या ऑगस्टमधी पानठेल्यावर आम्ही दोघांनी पैज लावली. विगन म्हणजे इंग्लंडमधला फुटबॉल क्लब. त्याचा हंगाम चांगला गेला तं बोकड तो देईल, वाईट गेला तं मी. "चांगला" म्हणजे काय, हे काही ठरवलं नाही. तिथंच घोडं अडलं. ११ मे २०१३ ले विगननं मँचेस्टर सिटीले १-० हरवून एफए कप, म्हणजे तिथली हरला की बाहेर अशी स्पर्धा, जिंकला. १४ मे ले आर्सेनलनं त्यांले ४-१ ठोकलं अन् विगन प्रीमियर लीगमधून, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमधून, खाली गेलं. मधात तीन दिवस. त्या तीन दिवसांत मी बोकड कापून घेतला असता तं आज हे लिहाचं काम नसतं. पण तो म्हणे, "हंगाम तं संपू दे."

तुम्ही म्हणाल, वणीच्या माणसाले विगन काहून? एक तं ते कोळशाचं गाव. आमच्या धुऱ्यावरून खाणीचे ट्रक जाते, बोंडावर काळी धूळ बसते अन् व्यापारी कापूस हातात चोळून भाव पाडते. तिथल्या खाणी बंद होऊन जमाना झाला, तरी कोळशाचं गाव म्हटलं की मले ते आपल्यातलंच वाटते. दुसरं, तिथं पहिला मान रग्बीचा, फुटबॉल मागून आला. आमच्याइथं तोच मान कबड्डीचा. अन् तिसरं कारण २०१२ चा उन्हाळा. बुडाले म्हणता म्हणता पोट्ट्यांनी शेवटच्या ९ पैकी ७ मॅच काढल्या. मँचेस्टर युनायटेडले हरवलं, आर्सेनलले त्यांच्या घरात जाऊन हरवलं अन् १५ व्या नंबरवर जाऊन बसले. ते पाहून कोणीही पैज लावली असती.

फायनल आपल्याकडं रात्री पावणेदहाले होती. मे महिन्यात भिंती रातच्यालाही तापलेल्याच राहते, म्हणून टीव्ही उंबरठ्यावर आणला अन् अंगणात खाटा टाकल्या. विगनच्या मॅकमॅनामन नावाच्या पोट्ट्यानं सिटीच्या डिफेन्सले पार घाम फोडला. ८४ व्या मिनिटाले सिटीच्या झाबालेटाले रेड कार्ड भेटलं. अन् मंग लाइन गेली. मी कपाळ धरून अंधारात बसलो. शेजारचा पोट्टा फोन पाहून ओरडला, "गोल! विगनचा!" मले वाटलं मजाक करून रायला. नव्वद मिनिटांवर एक मिनिट झालं होतं, मलोनीचा कॉर्नर अन् बेन वॉटसनचं डोकं. गोल मी पाह्यला तो दुसऱ्या दिवशी.

तं सांगा, बोकड कोणी द्याचा?

घुग्गुसकर :
भाऊ, मीही कोळशातलाच माणूस, पण बोकड तुम्हालाच द्यावा लागेल. हिशेब पाहा. लीगमध्ये ३८ सामने : ९ जिंकले, ९ बरोबरीत, २० हरले. गुण ३६, नंबर १८ वा. खालचे तीन जातात, त्यात विगन. १७ व्या नंबरच्या सुंदरलँडचे ३९ गुण होते. म्हणजे एका विजयाचा खेळ.

आता दुसरी बाजू. लीगमध्ये विगनवर ७३ गोल झाले. कपात बोर्नमथशी झालेली रिप्ले (बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेला सामना) धरून सात सामने, आणि त्या सातांत गोल झाले फक्त दोन! तेच गडी, तोच मॅनेजर रॉबेर्तो मार्टिनेझ. याचं कारण मी असं लावतो की कपाची वाट त्यांना सोपी मिळाली. बोर्नमथ तेव्हा तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये, मॅकल्सफिल्ड तर पाचव्या, हडर्सफिल्ड आणि मिलवॉल दुसऱ्या. प्रीमियर लीगमधले भेटले ते एव्हर्टन आणि सिटी, दोनच. पण एव्हर्टनला त्यांच्याच मैदानात चार मिनिटांच्या आत तीन गोल मारले, ते काही सोपं नव्हतं. ती मॅच मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

कपात एक दिवस साधला की काम होतं. लीगमध्ये ऑगस्टपासून मेपर्यंत रोज चूल पेटली पाहिजे. तुम्ही शब्द वापरला "हंगाम". कास्तकार माणसाला हंगाम म्हणजे काय, हे मी काय सांगू!

निळी_जर्सी_पुणे :
सिटीवाला आहे, त्यामुळे ही फायनल मी विसरायचा प्रयत्न करत होतो. आभार.

१३ मे २०१२ ला मॅनेजर मांचिनीने आम्हाला लीग जिंकून दिली. १३ मे २०१३ ला, या फायनलनंतर दोनच दिवसांनी, त्याला घरी पाठवलं. आमचा त्या वर्षी लीगमध्ये दुसरा नंबर होता. तो आज कुणाला आठवतो? आमच्या ग्रुपवर मे महिना आला की वॉटसनचा तो हेडर मात्र कोणीतरी टाकतंच. माझ्या मते बोकड दोस्ताने द्यावा. तो गोल ज्याने केला त्याचा नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलविरुद्ध पाय मोडला होता. फायनलला तो शेवटच्या काही मिनिटांसाठी मैदानात आला. एवढं झाल्यावरही हंगाम वाईट म्हणायचा असेल तर तुमच्या दोस्ताला काळीज नाही.

आर्वीचे_गुरुजी :
पाय मोडण्यावरून आठवलं. विगनचे मालक डेव्ह व्हेलन १९६० च्या एफए कप फायनलमध्ये ब्लॅकबर्नकडून खेळले होते. त्याच सामन्यात त्यांचा पाय मोडला. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती, उरलेले दहा जण खेळले आणि वुल्व्हसकडून ०-३ हरले. त्या माणसाने ५३ वर्षांनी वेंब्लीवर आपल्याच क्लबला कप घेताना पाहिलं. त्याला कोणी विचारलं असतं, "लीग ठेवू की कप?" तर तो काय म्हणाला असता, हे मला नक्की ठाऊक आहे असं वाटतं. अर्थात मी मास्तर, मला सगळंच ठाऊक असतं.

मात्र घुग्गुसकरांचा मुद्दा खोडता येत नाही. प्रीमियर लीगमधून उतरणं म्हणजे टीव्हीच्या पैशावर पाणी सोडणं. त्यापुढे कपाचं बक्षीस चिल्लर. कप जिंकून त्याच हंगामात खाली जाणारा पहिला क्लब विगनच. म्हणजे तुमच्या पैजेला आधीचा दाखलाच नाही. पैज लागली तेव्हा साक्षीला कोण होतं?

पऱ्हाटीवाला :
गुरुजी, साक्षीला पानठेलेवाला होता. तो म्हणते, "मी तं खर्रा घोटून रायलो होतो."

घुग्गुसकर भाऊ, हंगामाचं बोलले म्हणून एक सांगतो. माह्या काकाची जोडी एका साली शंकरपटात पहिली आली. गुलाल उधळला, गावभर मिरवणूक निघाली. त्याच साली पऱ्हाटी बसली अन् पोळ्याच्या आधी जोडी विकावी लागली. बाजारात गेलो की म्हातारे आजही विचारते, "तू त्या पटवाल्याचा पुतण्या ना?" मले वाटे, हाच माह्या बाजूचा पुरावा. काल काकूले इचारलं. काकू म्हणे, "मले पट नाही आठवत रे. खाली दावण आठवते." आता ते पुराव्यात कसं धरू?

मार्टिनेझही जूनमधी एव्हर्टनले गेला, ज्यांले हरवलं त्यांच्याच घरी! पण एक गोष्ट लपवत नाही. आर्सेनलची मॅच आपल्याकडं रात्री सव्वाबाराले सुरू झाली. हाफटाइमच्या आधी मलोनीनं फ्रीकिकवर गोल केला, १-१ झालं अन् मले वाटलं, हे पुन्हा वाचते. मंग आर्सेनलचे वॉलकॉट, पोडोल्स्की, रॅम्झी. सकाळी दार उघडलं तं दोस्त दावं घेऊन उभा.

निळी_जर्सी_पुणे :
पुढच्या वर्षी दुसऱ्या दर्जाच्या लीगमधून येऊन त्यांनी आम्हाला आमच्याच मैदानात कपातून पुन्हा बाहेर काढलं, २-१. आणि २०१८ मध्ये तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये असताना त्यांच्या मैदानात पुन्हा, १-०. हे मी का सांगतोय, मलाच कळत नाही.

तोच_दोस्त :
मी दावंवाला. आज पोरीनं हे वाचून दाखवलं.

यानं एक सांगितलंच नाही. कप जिंकल्यावर विगन युरोपा लीगमधी गेलं, तवा यानं मले म्हटलं, "पाह्यलं? युरोपात गेले!" मी म्हटलं, बरं, तुही जीत. दुसऱ्या दिवशी बोकड पाहाले मी मारेगावच्या बाजारात गेलो होतो. भाव ऐकून वापस आलो, हे खरं. पण गेलो होतो. २०१५ ले विगन तिसऱ्या लीगमधी उतरलं, तवा मी काही म्हटलं काय? २०२० ले क्लबचं दिवाळं निघालं, १२ गुण कापले अन् पुन्हा खाली गेले, तवाही याच्या दारावरून गेलो पण विषय काढला नाही. हा वसरीत बसला होता, मान खाली.

बोकड मी नाही देत. कोंबडा देतो.

पऱ्हाटीवाला :
गावरान पाहिजे.

तोच_दोस्त :
गावरानच. मसाला तुह्याकडचा. अन् लाइन गेली तं मले बोलू नोको.