व्हिडिओ लावून शिकवता का? तुमचा अनुभव टाका

सांबारवाली बाई (वाशिम जिल्हा)
जि.प.ची दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी. दोन वर्ग माझ्यासमोर आणि तिसऱ्याला टीव्हीवर काहीतरी लावून द्यायचं, हे इतकं रोजचं झालंय की कधीकधी वाटतं मी शिकवतेय की पोरं सांभाळतेय. २०१७ ला पाठांचं सरकारी दीक्षा ॲप आलं, मग पुस्तकातल्या पाठांवर क्यूआर कोड आले, तेव्हापासून वापरते. परवा भाज्या-फळांचा व्हिडिओ चालू होता, त्यातली ताई म्हणाली कोथिंबीर, पेरू, बटाटा. मागून एक पोरगी दुसरीला समजावून सांगते, "अवं सांबार, जाम अन् आलू म्हनते थे." मी तिथंच थांबवला आणि फळ्यावर दोन रकाने पाडले, एकात ताईचे शब्द, एकात आमचे. चार मिनिटांचा व्हिडिओ, पाऊण तास गेला आणि तो शेवटपर्यंत पाहिलाच नाही कोणी.
तर तुम्ही कुठे थांबवता, कुठे बंदच करता ते लिहा. "छान उपयोग होतो" नको, ते आपण अहवालात लिहितोच.

धारणीकर
आमच्याकडे पहिलीची लेकरं घरी कोरकू बोलतात. ही मराठीच्या नात्यातली भाषाच नाही, मुंडा कुळातली, त्यामुळे व्हिडिओतलं गोड गोड मराठी त्यांना रेडिओच्या खरखरीसारखं. एक दिवस वैतागून आवाजच बंद केला आणि सातवीतल्या एका पोरीला म्हटलं तू सांग. बेडकाच्या वाढीचा व्हिडिओ होता. तिनं असं काही रंगवून सांगितलं की शेपटी हळूहळू नाहीशी होते तिथं अख्खा वर्ग खदखदून हसला. काय म्हणाली ते मला आजपर्यंत कळलं नाही, विचारलं की लाजून पळते. मग तोच व्हिडिओ आवाजासकट लावला तर पोरं मराठी शब्द आपणहून पकडायला लागली. आता हाच क्रम ठेवलाय, आधी मुका, मग बोलका.

पऱ्हाटी (यवतमाळ)
मी मास्तर नाही, बाप आहो. पोरगा नववीत. त्याच्या सरनं मुळावरच्या गाठीचा व्हिडिओ दाखवला अन् सांगतलं का घरी वावरात पाहून या. झालं, पोट्टं दप्तर फेकून सरळ वावरात. सोयाबीन फुलावर आलेलं, यानं तीन झाडं मुळासकट उपटून आनली, मी काठीच घेतली होती हातात. तर म्हनते थांबा बाबा, अन् ब्लेडनं एक गाठ कापून माह्या तळहातावर ठेवली. ज्वारीच्या दान्याएवढी, आतून लालसर. म्हने लाल आहे म्हनजे हवेतलं नत्र पकडनं चालू आहे, हिरवट-भुरकट निघाली का काम बंद. दरसाल पेरनीच्या टायमाले मी बियान्याले जिवाणू कल्चर चोळतो, दुकानदार म्हनते म्हनून. कायले चोळतो थे त्या दिवशी समजलं राजेहो. पन तीन झाडं गेली थे गेलीच.

खडूवाला (बुलढाणा)
पऱ्हाटीभाऊ, तुमच्या पोराचे सर भारी आहेत. माझा उलटा किस्सा. आम्ल-अल्कलीचा व्हिडिओ, त्यात चकचकीत प्रयोगशाळा, आमच्याकडे कपाट आणि त्याची हरवलेली किल्ली. म्हटलं हळद घेऊ. वहीच्या कागदाला ओली हळद चोळून वाळवली, आता चुना पाहिजे, म्हणून सहज विचारलं कोणाकडे आहे का, तर शेवटच्या बाकावरून तीन हात वर! खर्र्याचे (तंबाखू-सुपारी-चुना) गिऱ्हाईक निघाले साहेब. व्हिडिओ राहिला बाजूला, आधी झडती झाली. पण त्याच चुन्याचा ठिपका हळदीच्या कागदावर लालभडक उमटला तेव्हा एक पोरगी म्हणाली, "सर, हे तर कुंकू." आणि खरंच, हळद-चुन्यातूनच करतात की कुंकू. व्हिडिओत हे नव्हतं.

एटापल्लीकडचा
नेट एका टेकडीवर येतं, तेही हवा चांगली असेल तर. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलो की दीक्षावरचे पाठ डाऊनलोड करून आणतो, ते नंतर नेट नसतानाही चालतात. दुसऱ्या एका ॲपवर उतरवलेले व्हिडिओ काही दिवसांनी "इंटरनेट जोडा" म्हणून अडून बसले, वर्ग भरलेला. टीव्ही आहे, पण मागच्या वर्षी बिल थकलं म्हणून तीन महिने लाईनच नव्हती. दिवसा उजेड फार, म्हणून खिडक्यांना खताच्या पोत्यांचे पडदे शिवलेत, उन्हाळ्यात त्यात भाजून निघतो.

वर्धेचा म्हातारा
निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. ऋतू कसे होतात याचा व्हिडिओ लावला, वर्ग एकदम चिडीचूप, मी खूश. दुसऱ्या दिवशी विचारलं तर कोणालाच काही नाही, पण त्याचं संगीत मात्र पोट्ट्यांना पाठ, बाक वाजवून म्हणून दाखवलं. आता लावायच्या आधी फळ्यावर एकच प्रश्न लिहितो, उत्तर सापडलं की हात वर, मी थांबवतो. मधातच जाहिरात आली तरी दोघातिघांचे हात वर असतात, ते वेगळं.

सांबारवाली बाई
धारणीकर, तुमचं पाहून आज मीही आवाज बंद केला. व्हिडिओत एक बाई वर्गात शिकवत होती. दुसरीतला एक जण उठला, कंबरेवर हात ठेवला आणि हुबेहूब माझ्या आवाजात सुरू झाला, "ए मागचे, गप बसा रे, मले रिपोर्ट पाठवाचा आहे."