इंजिनाची टिकटिक : तुम्हाला कारण कसं सापडलं?

बॉनेटखालून टिकटिक ऐकू आली की काळजात धस्स होतं, आणि लगेच कुणीतरी म्हणतंच, "इंजिन खोलावं लागेल." खरं तर या आवाजाची कितीतरी कारणं इंजिन न खोलता सापडतात. तुमच्या गाडीत आवाज कुठून यायचा, शेवटी काय निघालं? गाडी पेट्रोल की डिझेल, आवाज थंड असताना की तापल्यावर, हे जरूर लिहा. वाचणाऱ्याला त्याचाच उपयोग जास्त.

*

आमची जुनी पेट्रोल गाडी. सकाळी चालू केली की जोरात टिकटिक, इंजिन तापलं की गायब. ज्याला विचारावं तो टॅपेटच म्हणे, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारे भाग. टॅपेट सेट करून घेतले, आवाज होता तसाच. मग एका वयस्कर मिस्त्रींनी टॉर्च मारून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका गॅस गोळा करणारा पाइप, पाहिला. तो हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) जिथे बसतो तिथे काजळीचा काळा ओघळ होता, नखाने खरवडला की भुकटी हाताला यायची. त्याला धरून ठेवणारा कडेचा स्टड (बोल्ट) तुटला होता. इंजिन थंड असेपर्यंत त्या फटीतून गॅस फटफट बाहेर पडायचा आणि धातू तापून फुगला की फट बुजायची.

गंजलेला स्टड काढताना घाई करायची नसते. उरलेला तुकडा आतच मोडला तर हेड उतरवायची पाळी येते. मिस्त्रींनी आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी सावकाश तुकडा काढला आणि नवी गॅसकेट टाकली. तुमच्याकडे अशी गळती निघाली तर दुरुस्ती लांबवू नका. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो आत केबिनमध्ये येऊ शकतो.

*

नवी गाडी, डायरेक्ट इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन. बारीक, एकसारखी टिकटिक कायम. ते इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप निघाले. या इंजिनांत इंधनाचा दाब १०० बारच्या वर जातो, त्यामुळे हा आवाज चालायचाच. त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी उभी करून ऐकली आणि खात्री पटली.

*

मी गाड्यांचंच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आधी आवाजाची लय पकडा. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला (रेस न देता) ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ८०० फेरे, असतील तर एका व्हॉल्व्हची टिकटिक मिनिटाला ४००, म्हणजे सेकंदाला सहा-सात. या लयीचा आवाज व्हॉल्व्ह, इंजेक्टर, सैल स्पार्क प्लग किंवा मॅनिफोल्ड यांपैकी कशाचा तरी असतो. त्याच्या दुप्पट लय असेल तर क्रँकच्या पुलीकडे किंवा फ्लायव्हीलकडे बघावं.

मग जागा शोधा. स्टेथोस्कोप नसला तरी लांब स्क्रूड्रायव्हर चालतो. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि व्हॉल्व्ह कव्हरवरून थोडं थोडं सरकत जायचं. पंखा आणि बेल्टपासून हात, केस, ओढणी लांब ठेवा.

*

डिझेल, हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे ऑईलच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे. रात्रभर उभी राहिली की सकाळी काही सेकंद टकटक आणि मग शांत. ऑईल फिल्टर बदलला आणि थांबलं. जुन्या फिल्टरमधला रबरी व्हॉल्व्ह कडक झाला होता, त्यामुळे इंजिन बंद झाल्यावर ऑईल सगळं खाली उतरायचं. फिल्टर चांगला घ्या. आवाज दाबायला जाड ऑईल भरायचा सल्ला मलाही मिळाला होता, तो मी मानला नाही. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच भरते.

*

टॅपेटबद्दल एक कळकळीने सांगायचंय. ज्या इंजिनात टॅपेट हाताने सेट करतात, तिथे काही जण आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली गॅप कमी ठेवतात. गाडी शांत होते, मालक खूश होतो. पण इंजिन तापलं की व्हॉल्व्हची लांबी वाढते, तो सीटवर पुरता बसत नाही आणि जळतो. एक्झॉस्टचा आधी. जळलेला व्हॉल्व्ह आवाज करत नाही, कॉम्प्रेशन घालवतो, आणि मग खरोखरच हेड उतरतं. काम चालू असताना समोर उभं राहा. फीलर गेजची (गॅप मोजायची पातळ) पत्ती हलकेच घासत सरकली पाहिजे. इनटेक-एक्झॉस्टचे आकडे मॅन्युअलमधले, आणि इंजिन थंड की गरम, तेही तिथे लिहिलंय तसंच. हलकी टिकटिक राहिली तर राहू द्या.

*

आमच्याकडे पर्ज व्हॉल्व्ह निघाला, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह. बोटांत धरला की प्रत्येक टिक हाताला जाणवायची. कनेक्टर काढला, आवाज बंद, लावला, चालू.

*

आणि टिकटिकीऐवजी जड, खोल ठोका असेल, रेस दिल्यावर किंवा चढावर वाढत असेल तर? माझ्या भावाच्या गाडीत तसा होता. आधी डिपस्टिक पाहिली : गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी. ऑईल टोकालाही लागत नव्हतं. त्याने गाडी पुन्हा चालू केली नाही, टो करून नेली. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं होतं, पण क्रँक वाचला. ऑईलचा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून तिथेच इंजिन बंद करा, घर जवळ असलं तरी.

*

वरचं वाचून विचारते : माझी टिकटिक गाडी चालतानाच येते, उभी असताना रेस दिली तर अजिबात नाही. मग इंजिनच असेल का?

*

नाही वाटत. आधी टायरच्या खाचांत खडा किंवा खिळा अडकलाय का पाहा. वळतानाच येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट आणि त्याचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलंय का, ते तपासून घ्या.