मदत हवी आहे: अंटार्क्टिकाच्या जहाजावर कॅमेऱ्याला धरणारं बाष्प

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या सफरीत हवामान बरं असेल तर झोडिॲक बोटीतून (हवा भरलेल्या लहान रबरी बोटीतून) दिवसातून साधारण दोनदा किनाऱ्यावर नेतात. खरी पंचाईत होते ती मधल्या जेवणाच्या वेळेत. बाहेर तापमान शून्याच्या आसपास, केबिनमध्ये २० अंश. गार कॅमेरा तसाच आत आणला की काचेवर पाणी धरतं, आणि त्याहून वाईट म्हणजे कधीकधी लेन्सच्या आतही. त्यामुळे कार्ड आणि बॅटरी डेकवरच काढायची, कॅमेरा तिथेच झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करायचा आणि निदान तासभर उघडायचा नाही, इथपर्यंत ठीक आहे.

पण १००-४०० मिमी झूमसारखी जड लेन्स तासाभरात कोमट होत नाही. तेवढ्यात देवमासा दिसल्याची घोषणा झाली तर? अशा वेळी कॅमेरा ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) घालून बाल्कनीतच गार ठेवावा आणि फक्त बॅटऱ्या आतल्या खिशात उबेत ठेवाव्यात, हे कितपत सुरक्षित? खाऱ्या तुषारांची धास्ती वाटते.

दुसरा प्रश्न किनाऱ्यावरचा. बर्ड फ्लूमुळे तिथे बसायला, गुडघे टेकायला, बॅग खाली ठेवायला मनाई असते, म्हणजे लेन्स उभ्यानेच बदलायची, तीही वाऱ्यात. लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांत न अडकणारी, छातीवर बांधता येणारी पिशवी कुणी वापरली आहे का? की दोन कॅमेरा बॉडी नेऊन लेन्स बदलणंच टाळावं? कृपया प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगावं.